कुत्र्यांची भांडणं: सोडवताना आणि सोडवल्यावर

भाद्रपद जवळ आला की या सदराच्या टपालात एकाच विषयाची पत्रं वाढतात. माद्या माजावर येतात, एकीच्या मागं गल्लीतले सात-आठ नर फिरतात, आणि त्यांच्या वाटेत पट्ट्याला धरलेलं घरचं कुत्रं आलं की तंटा लागलाच. यंदाच्या पत्रांतून वेगवेगळे प्रश्न निवडले आहेत. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडक्यात दिली आहेत.

रंकाळ्यावर लॅब्रॅडॉरला फिरवताना भटकी तीन-चार कुत्री अंगावर आली. एकानं मानेला धरलं. मी पट्टा ओढत राहिलो, शेजारच्यानं काठीनं हाणलं, तरी सुटेना. अशा वेळी नेमकं करायचं काय?
— एक वाचक, फुलेवाडी

पट्टा ओढणं आणि काठी हाणणं, लोक आधी या दोनच गोष्टी करतात आणि दोन्हींनी भांडण चिघळतं. पट्टा ताणला की तुमच्या कुत्र्याचे पुढचे पाय उचलले जातात, छाती-पोट उघडं पडतं आणि त्याला ना वळता येतं ना निसटता. काठी बसली की चावणाऱ्या कुत्र्याला वाटतं, हे दुखणं समोरच्यानंच दिलं. मग जबडा आणखी आवळतो.

आधी भांडण टाळायचं कसं ते सांगतो. लांबून भुंकत, पुढं-मागं करत येणारं कुत्रं बहुधा हद्द सांगत असतं. न भुंकता, शेपूट ताठ वर, मान पुढं काढून सरळ चालत येणारं कुत्रं जास्त धोक्याचं. पळू नका. आपलं कुत्रं पाठीमागं घ्या, पट्टा सैल पण आखूड ठेवा, येणाऱ्याकडं तोंड करून उभे राहा आणि जड आवाजात ‘हट्’ म्हणा. दगड उचलतोय असं दाखवत वाका. आपल्याकडची रस्त्यावरची कुत्री ही खूण पिल्लू असल्यापासून ओळखतात, त्यातली बरीचशी दहा-पंधरा फूट मागं सरकतात. दगड खरोखर मारायची गरज नसते, आणि नेम चुकला तर तो फिरायला आलेल्या कुणाला तरी लागेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात हातात छत्री असतेच. बटण दाबून उघडणारी असेल तर ती कुत्र्याच्या तोंडासमोर फाडकन उघडा. आवाजही होतो आणि मध्ये आडोसाही उभा राहतो.

लागलंच भांडण, तर पहिले पाच-दहा सेकंद बघा. बरीच भांडणं आवाजाचीच असतात: दात दाखवणं, मानेवर लाळ, केस उपटले जाणं, आणि दोघं आपणहून बाजूला. या वेळात पत्रा, डबा, गाडीचा हॉर्न, जे हाताशी असेल ते वाजवा. पाणी असेल तर नाकातोंडावर एकदम ओता, बाटलीतली बारीक धार काही उपयोगाची नाही. मग आडोसा: प्लायचा तुकडा, प्लॅस्टिकची खुर्ची, गोणपाट, जे मिळेल ते दोघांच्या तोंडांच्या मध्ये सारायचं.

तरीही सुटेनात आणि माणसं दोन असतील तर मागचे पाय. प्रत्येकानं आपापल्या कुत्र्याच्या मागून जायचं, मांड्या जांघेजवळ दोन्ही हातांनी धरायच्या आणि मागचा भाग जमिनीवरून उचलायचा. घोट्याजवळ धरू नका. तिथं धरलं तर सांधा पिरगळतो आणि कुत्र्याला मागं वळून चावायला जागा मिळते. दोघांनी एकाच वेळी मागं सरकायचं, पण सरळ रेषेत नाही, गोल वळत. कुत्र्याला तोल सावरायला पुढचे पाय सारखे टाकावे लागतात, त्यामुळं ते तुमच्यावर उलटू शकत नाही. मध्ये दार, फाटक किंवा गाडी येईपर्यंत पाय सोडायचे नाहीत. लवकर सोडलं की कुत्रं परत त्याच जागी धावतं, आणि दुसऱ्यांदा लागलेलं भांडण पहिल्यापेक्षा वाईट असतं.

एकच माणूस असेल तर पट्ट्याचा फास करून जास्त आक्रमक कुत्र्याच्या पोटाभोवती, मागच्या पायांच्या पुढं अडकवा, दुसरं टोक खांबाला किंवा फाटकाला बांधा आणि दुसऱ्या कुत्र्याचे मागचे पाय धरून त्याला लांब न्या.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो तुमच्याच प्रसंगाचा. दात रुतवून धरून ठेवलं असेल तर अजिबात ओढू नका. ओढल्यानं भोकाची चीर होते. दोघांनी दोन्ही कुत्री घट्ट धरून फक्त झटकणं थांबवायचं, कारण खरं नुकसान झटकण्यानं होतं. पकड बदलायला जबडा क्षणभर ढिला होतो, तेव्हा मागं घ्या. अगदीच सुटत नसेल तर शेवटचा उपाय: मागून येऊन चावणाऱ्याची पाठ आपल्या दोन्ही पायांमध्ये घेऊन उभं राहा, त्याच्या गळपट्ट्याखालून पट्टा घाला, कानामागं उंच नेऊन वर खेचा, आणि श्वासासाठी तोंड उघडलं की त्याच क्षणी ढील द्या. यात हात तोंडाजवळ जातो, म्हणून हे ज्याचं धैर्य आणि ताकद दोन्ही पक्की आहे त्यानंच करावं.

दोन तोंडांच्या मध्ये हात घालून गळपट्टा धरणं म्हणजे बोटं गमावण्याची तयारी. त्या क्षणी घरचं कुत्रंही हात कुणाचा ते बघत नाही.

आमच्या पाच किलोच्या पामेरियनला शेजारच्या मोठ्या कुत्र्यानं पाठीत धरून झटकलं. घरी आणलं तेव्हा दोन बारीक भोकं होती, रक्तही फारसं नव्हतं. डॉक्टर म्हणतात भूल देऊन उघडून बघावं लागेल, एक्स-रे काढावा लागेल. एवढ्याशा जखमेला एवढा खर्च खरंच लागतो का?
— एक वाचक, राजारामपुरी

लागतो. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय.

कुत्र्याची कातडी अंगावर उशीच्या अभ्र्यासारखी सैल असते. सुळा आत जातो तेव्हा कातडीला एकच भोक पडतं. पण झटका बसला की कातडी दाताबरोबर सरकते आणि खालचं मांस मात्र जागच्या जागी फाटत राहतं. चरबीचा थर सुटतो, स्नायू चिरतात, आत पोकळी तयार होते. त्या पोकळीत केस, माती आणि तोंडातले पाश्चुरेला वगैरे जंतू जातात, वरचं भोक दोन दिवसांत मिटतं आणि आत पू धरतो. भोकावर मलम लावत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लहान कुत्र्याला मोठ्यानं उचलून झटकलं असेल तर बरगड्या मोडणं, फुप्फुसाला मार, छातीत हवा साठणं, पोटातले अवयव फाटणं, हे सगळं केसाळ पाठीवरच्या दोन भोकांआड लपलेलं असू शकतं. डॉक्टर आधी केस काढतील. पामेरियनसारख्या दाट केसांच्या कुत्र्यात दोनाची सहा भोकं निघणं नेहमीचं. मग आत सळई घालून पोकळी कुठवर गेली ते बघतात, मेलेलं मांस काढतात, भरपूर सलाइननं धुतात, खालच्या बाजूनं निचऱ्याची रबरी नळी ठेवतात.

दवाखान्यात जाईपर्यंत या गोष्टी बघा. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा: पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी फिकट, राखाडी किंवा निळसर असेल तर एक मिनिटही थांबू नका. कुत्रं शांत पडलेलं असताना छातीची हालचाल पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. तीसच्या आत ठीक, चाळीसच्या वर, किंवा श्वासाबरोबर पोट जोरात आत-बाहेर होत असेल, तर छातीत काहीतरी झालंय. पोट फुगणं, उलटीत रक्त, मागचे पाय न टेकणं, ही सगळी लगेच निघायची कारणं. कुत्रं चालत घरी आलं म्हणजे सुटलं, असं धरू नका. छातीचा आणि पोटाचा मार कधी कधी दुसऱ्या दिवशी कळतो, म्हणून पहिले 24 ते 48 तास दर दोन-तीन तासांनी हिरडी आणि श्वास बघत राहा.

नेताना काखेत घालू नका. फळीवर किंवा ताणून धरलेल्या जाड टॉवेलवर न्या, आणि त्याला ज्या कुशीवर श्वास सोपा जातो त्या कुशीवर राहू द्या. छातीच्या भोकातून सूं-सूं हवा येत असेल तर स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा मलम लावून वर चिकटवा आणि हातानं धरून ठेवा. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, सलाइननं भिजवलेल्या स्वच्छ कापडानं झाका. पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांत मानेला धरल्यावर डोळाच खोबणीबाहेर येऊ शकतो. तो सलाइननं ओला ठेवत तासाभराच्या आत पोहोचलात तर डोळा वाचण्याची आशा असते.

वाटेत खायला देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं.

दुखणं थांबायला क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम दिली तर चालेल का? रात्रीचं कुणी डॉक्टर मिळत नाही.
— एक वाचक, जयसिंगपूर

नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बसतात. पॅरासिटामॉलनं, म्हणजे क्रोसिननं, यकृत जातं. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत. शिवाय मार लागलेल्या, रक्त गेलेल्या कुत्र्याचा रक्तदाब आधीच पडलेला असतो, त्यात हे औषध गेलं की जखमेपेक्षा औषधच जड जातं. रात्र काढायचीच असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ सुजेवर दहा-दहा मिनिटं ठेवा, अंधारी शांत खोली द्या, आणि सकाळी पहिला नंबर लावा.

शेतावर कारवानी कुत्रा आहे. शेजारच्या वस्तीवरच्या कुत्र्याशी लागली, मांडीचं कातडं वीतभर फाटलं. गावातल्या एकानं हळद-तूप भरून बांधलं. तीन दिवस झाले, आता वास मारतोय.
— एक वाचक, कागल तालुका

वास मारतोय म्हणजे आतलं मांस मरू लागलंय. उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंच आहे, इतरांसाठी इथं लिहितो.

कारवानी, पश्मी, मुधोळ या शिकारी जातींची कातडी पातळ आणि खाली चरबी जवळजवळ नाही. त्यामुळं देशी कुत्र्याला जिथं दाताचं भोक पडेल तिथं यांची कातडी कापडासारखी फाटत जाते. दिसायला भयंकर, पण ताजी असताना नीट धुतली तर चांगली जुळते. हळद-तुपानं तेच बिघडतं. तूप जखमेत राहतं, धुतलं तरी निघत नाही, माती आणि केस धरून ठेवतं, आणि वरून घट्ट बांधलं की आतला घाण पाझर बाहेर यायला वाट राहत नाही. हळद जेवणात ठेवा. चुना, कॉफी पावडर, गाडीचं ऑइल हेही तसलेच प्रकार.

पहिल्या तासात करायचं ते असं. आधी कुत्र्याचं तोंड बांधा, तुमचं कितीही लाडकं असलं तरी: दोन इंची बँडेज नाकाभोवती एक वेढा, हनुवटीखाली गाठ, टोकं कानामागं नेऊन सुटेल अशी गाठ. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर बांधू नका. हातात रबरी मोजे घाला, कारण केसांवर दुसऱ्या कुत्र्याची लाळ असते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून दाबा आणि घड्याळ लावून पाच ते दहा मिनिटं उचलून बघू नका. सारखं उघडून बघितलं की धरलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर वरून दुसरं ठेवा.

रक्त थांबल्यावर जखमेत सलाइननं ओला केलेला गॉज भरा, मग कडेचे केस कापा. गॉज नसेल तर कापलेले केस सगळे आत जातात. गॉज काढा आणि मेडिकलमध्ये मिळणारी 500 मिलीची नॉर्मल सलाइनची अख्खी बाटली 20 मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजनं मारून धुवा. सलाइन नसेल तर 1 लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात चहाचा दीड सपाट चमचा, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम मीठ घाला. शेवटी पोव्हिडोन आयोडीन, पण पातळ करून: 5 टक्क्यांचं 10 मिली द्रावण 100 मिली पाण्यात, रंग फिक्या कोऱ्या चहाचा. गडद द्रावणानं जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशीही मरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून लोकांना आवडतं, त्याचंही तेच. हे धुणं उघड्या चिरेसाठी आहे. बारीक भोकात सिरिंज खुपसून पाणी मारू नका, ते कातडीखाली पसरतं आणि घाणही सोबत नेतं.

मग ओल्या गॉजनं झाकून सैल बँडेज, आणि दवाखाना. सहा-आठ तासांच्या आत धुतलेली जखम बऱ्याचदा शिवता येते. तुमच्यासारखी तीन दिवसांची असेल तर डॉक्टर मेलेला भाग कापून ती उघडीच ठेवतील, रोज ड्रेसिंग करतील आणि तळापासून भरू देतील. त्याला काही आठवडे लागतात. कुत्रं कारवानी आहे हे भूल देण्याआधी आवर्जून सांगा. अंगावर चरबी नसलेल्या या जाती थायोपेंटोनसारख्या भुलेतून फार उशिरा बाहेर येतात.

पावसात गल्लीतल्या कुत्र्याच्या कानामागच्या जखमेत अळ्या पडल्यात. लोक टर्पेंटाइन ओता म्हणतात, कोणी फिनेल म्हणतं.
— एक वाचिका, शिरोळ

फिनेल तर नकोच. कुत्रं चाटतं आणि त्यालाच विषबाधा होते. टर्पेंटाइन ओतलं की अळ्या बाहेर येतात हे खरं, पण काही आणखी खोल जातात, आणि उरलेलं चांगलं मांसही भाजतं. कानाजवळ असेल तर ते कानात उतरतं.

माशीनं घातलेल्या अंड्यातून एका दिवसात अळी निघते, म्हणून पावसाळ्यात सकाळची स्वच्छ जखम दुसऱ्या दिवशी वळवळताना दिसते. केस कापून, चिमट्यानं एकेक अळी काढणं हाच खरा उपाय. सोबत डॉक्टरांनी दिलेला अळ्यांचा स्प्रे. एकदा काढून भागत नाही: बारीक अळ्या पहिल्या दिवशी दिसत नाहीत, म्हणून सलग दोन-तीन दिवस जखम उघडून बघावी लागते. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणून स्वतः टोचू नका. गाईम्हशींसाठीचं ते औषध इतकं तीव्र असतं की कुत्र्याला थेंबाचाही हिशेब लागतो, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना तर ते मेंदूपर्यंत पोहोचून मारू शकतं.

टाके घालून घरी सोडलंय, मानेला प्लॅस्टिकचं नरसाळं आणि पाठीला नळी. नरसाळं घातलं की जेवत नाही म्हणून काढून ठेवलं तर?
— एक वाचक, उचगाव

काढलं की पाच मिनिटांत टाके चाटून काढेल. चाटण्यानं जखम बरी होते हा समज कुत्र्याबाबतीतला सगळ्यात महागात पडणारा समज असावा. जेवणापुरतं, समोर बसून काढा, किंवा भांडं विटेवर उंच ठेवा म्हणजे कडा जमिनीला अडकत नाहीत. नळीतून पहिले दोन दिवस लालसर पाणी गळणारच, त्यासाठीच ती आहे. खाली जुनी चादर घाला, नळीच्या तोंडाजवळची खपली दिवसातून दोनदा कोमट सलाइननं पुसा. तीन ते पाच दिवसांत डॉक्टर ती काढतात, टाके दहा ते चौदा दिवसांनी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवीन, गरम, मऊ फुगवटा आला, पाझर घट्ट पिवळा झाला, किंवा ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. अँटिबायोटिकचा कोर्स जखम सुकली म्हणून मध्येच सोडू नका. फिरायला फक्त शी-शूपुरतं, पट्ट्यावर. पायाला बँडेज असेल तर पावसात बाहेर नेताना वरून दुधाची पिशवी बांधा आणि घरात येताच काढा. ओलं बँडेज तसंच राहिलं तर खालची कातडी कुजते.

भांडण सोडवताना आईच्या हाताला आमच्याच कुत्र्याचा दात लागला, थोडं रक्त आलं. कुत्र्याला लस आहे. तरी आईला इंजेक्शन हवंच का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

हवंच. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून इथं हिशेब करत बसू नये. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे पंधरा. हळद, चुना, मिरची काही लावू नका, घाईनं टाका घालून घेऊ नका. मग सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात. रक्त आलं आहे म्हणजे जखम तिसऱ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीची, तिथं लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) देतात. दंडात दिली तर लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28. शून्य म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. हाताच्या बोटाच्या सांध्यावर दात लागला असेल तर जखम इवलीशी असली तरी डॉक्टरांना दाखवा, सांध्यात जंतू फार लवकर पसरतात. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेसमोर ठेवा, पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस लांबवू नका.

आणि कुत्र्याचं राहिलं. अनोळखी कुत्र्यानं चावलेल्या तुमच्या कुत्र्यालाही रेबीजचा बूस्टर लगेच लागतो, वर्षाची लस झालेली असली तरी. कधीच लस झालेली नसेल तर चावल्यानंतरचा पूर्ण कोर्स डॉक्टरांना विचारून सुरू करा.

घरात मायलेकी दोन कुत्र्या आहेत. चार वर्षं गुण्यागोविंदानं राहिल्या. रविवारी तांबड्या-पांढऱ्याची हाडं घातली आणि दोघींनी एकमेकींचे कान फाडले. आता नजरेला नजर झाली तरी गुरगुरतात. एक देऊन टाकावी लागेल का?
— एक वाचिका, कसबा बावडा

लगेच तो निर्णय घेऊ नका, पण परिस्थिती गंभीर आहे हेही समजून घ्या. घरातल्या दोन माद्यांचं भांडण नर-मादीच्या भांडणापेक्षा जास्त रक्ताचं असतं आणि जास्त टिकतं. हाडं हे निमित्त. लेक दोन-तीन वर्षांची होऊन पूर्ण वयात आली, एखादी माजावर होती, किंवा आईला सांधेदुखीसारखं काही दुखणं सुरू झालं, यांपैकी एखादं कारण बहुधा आधीपासून शिजत असतं. म्हणून पहिली भेट डॉक्टरांची: दोघींची तपासणी, आणि नसबंदी झाली नसेल तर तिची तारीख. शिजलेली हाडं तशीही बंद करा, ती तडकून घशात-आतड्यात रुततात, आणि रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो.

लोक चुकतात ते इथं: त्याच संध्याकाळी ‘चला, भांडण मिटवा’ म्हणून दोघींना समोरासमोर बसवतात. भांडणानंतर अंगातला ताण उतरायला दोन-तीन दिवस लागतात, कान दुखत असेल तोवर तर नाहीच. दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा, बंद दाराआड, निदान जखमा सुकेपर्यंत. रोज अंथरुणांची अदलाबदल करा म्हणजे वास ओळखीचा राहतो.

मग घराबाहेर सुरुवात, दोघींच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यावर. दोन माणसं, दोन पट्टे, समांतर चालणं, मध्ये पंधरा मीटर अंतर. एकीनं दुसरीकडं बघून मान वळवली की उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. अंग ताठ होणं, नजर रोखून धरणं, ओठ आवळणं दिसलं की अंतर वाढवा. काही दिवस सगळं सैल दिसलं तरच दोन-तीन मीटर जवळ या. बाजू लागून चालता आल्यावर घरात जाळीच्या फाटकाच्या दोन बाजूंना, आणि मग एकत्र. एकत्र आल्यावर पहिले काही आठवडे दोघींच्या तोंडाला पिंजऱ्यासारखी जाळीची मुसकी. तिच्यातून धापता येतं, पाणी पिता येतं. कापडी मुसकीनं तोंड बंद होतं, ती दवाखान्यातल्या दोन मिनिटांसाठी. मुसकीची सवय आधीच लावा: आत तुकडा ठेवून नाक घालू द्या, आठवडाभरानं पट्टा लावा.

जेवण कायमचं वेगळ्या खोलीत. खेळणी, चघळायच्या वस्तू, सोफ्यावरची जागा, जिच्यावरून तंटा होईल ते उचलून ठेवा. दार उघडताना, पाहुणे येताना, जिन्यात दोघींना एकत्र सोडू नका, अशा अरुंद आणि गडबडीच्या जागीच पुन्हा लागते. आणि गुरगुरण्याबद्दल ओरडू नका. गुरगुर ही सूचना आहे, ती दाबली की पुढच्या वेळी सरळ चावा.

एवढं करूनही महिना-दोन महिन्यांत पुन्हा टाके पडण्याएवढं भांडण झालं, तर दोघींना जन्मभर वेगळ्या खोल्यांत ठेवायचं की एकीला चांगलं घर शोधायचं हे ठरवावं लागेल. त्यात कुणाचा दोष नाही.

भांडणातली मानेची जखम भरली, पण आमचा जर्मन शेफर्ड आता फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. लांबून कुत्रं दिसलं तरी भुंकून थैमान घालतो. पूर्वी सगळ्यांशी खेळायचा.
— एक वाचक, शाहूपुरी

थैमान दिसतंय, आत भीती आहे. ‘जवळ येऊ नको’ हे तो आधीच ओरडून सांगतोय. पट्ट्याला झटके देऊन किंवा टोचणारा गळपट्टा घालून त्याला गप्प केलंत, तर कुत्रं दिसलं की मान दुखते एवढंच तो शिकेल.

पहिला आठवडा फिरणं बंदच ठेवा, अंगणात किंवा गच्चीवर वासाचे खेळ खेळवा: टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवायचा आणि शोधू द्यायचा. मग फाटक उघडून उंबऱ्यावर बसा, रस्ता बघा, खाऊ द्या, आत या. पाऊल त्यानं टाकलं तरच पुढं. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला, कारण जुनी जखम मानेला आहे आणि तिथला ताण त्याला ते भांडण आठवून देतो. वेळ बदला, भटकी कुत्री पेंगलेली असतात ती भर दुपारची शांत गल्ली चालेल, पण रस्ता तळव्याला भाजत नाही ना ते हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून बघा.

अंतर मोजायला टेप लागत नाही. दुसरं कुत्रं दिसत असताना तो तुमच्या हातून खाऊ घेतोय तर अंतर बरोबर. तुकडा नाकाशी नेला तरी घेत नाही, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात, मागं फिरा. क्रम पक्का: आधी कुत्रं दिसायचं, मग खाऊ. उलटा केलात तर खाऊ बघूनच तो बावचळेल. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेऊन थोपटलं तर भीती वाढते असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दोन-तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर डॉक्टरांशी भीतीवरच्या औषधांबद्दल बोला. तो पूर्वीसारखा सगळ्यांशी खेळेलच असं नाही, ओळखीची दोन कुत्री चालली तरी पुष्कळ.

आमच्या कॉलनीत एक बाई कुत्र्यांना खायला घालतात, त्यावरूनच रोज भांडणं होतात. खाणं बंद पाडता येईल का? कुत्री उचलून लांब सोडता येतील का?
— काही रहिवासी, रुईकर कॉलनी

लांब नेऊन सोडता येणार नाहीत. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 नुसार नसबंदी आणि लस करून कुत्रं त्याच जागी परत सोडायचं असतं. आणि लांब सोडून उपयोगही नाही, रिकाम्या जागेत नवी टोळी येते आणि हद्द ठरेपर्यंत तीच जास्त भांडते. त्याच नियमांत खाणं घालायची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवर आहे: मुलांच्या खेळाची जागा, जिना, ये-जा करायचं फाटक सोडून.

त्या बाईंशी भांडण्यापेक्षा त्यांना पद्धत बदलायला सांगा. एकाच ढिगात हाडं-भाकरी टाकली की तंटा ठरलेला. प्रत्येक कुत्र्याला वेगळं भांडं, दोन भांड्यांत आठ-दहा फूट, सगळ्यात दांडगं कुत्रं आधी आणि एका टोकाला. पंधरा मिनिटांनी उरलेलं उचलायचं. एखादी मादी माजावर असेल तर ते पंधरा-वीस दिवस तिला बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या वेळी घाला. नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं असतं, तसं नसलेली किती कुत्री आहेत ते मोजा, फोटो काढा आणि ती यादी जोडून नसबंदीसाठी महापालिकेत लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.